हरवलेला जीव आणि कठोर शब्द

वारीच्या वाटेवर कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडला तर दोघेही वाकतात. ज्याचा पाय पडला तो वाकतो, ज्याच्या पायावर पडला तोही वाकतो, आणि दोघांच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘माउली’. ही रीत कोणी शिकवावी लागत नाही. चार दिवस दिंडीत चालले की ती आपोआप अंगी बाणते. परंतु सज्जनहो, येथे एक प्रश्न उभा राहतो. समोरचाही वाकणार हे ठाऊक असताना आपण वाकणे फारसे कठीण नाही. समोरचा वाकणार तर नाहीच, उलट वस्सकन अंगावर येणार, आणि तेही आपला जीव टांगणीला लागलेला असताना! अशा वेळी तो ‘माउली’ शब्द कोठे जातो?

संतांनी सोसलेल्या मोठमोठ्या अपमानांविषयी आपण कीर्तनातून पुष्कळ ऐकतो. आज आम्ही एका लहानशा गोष्टीविषयी लिहिणार आहोत. ती इतकी लहान आहे की ऐकून काही जण हसतीलही. एका माणसाचे कुत्रे हरवले, आणि शोधता शोधता एक अनोळखी गृहस्थ त्याला टाकून बोलला. एवढेच. पण मोठे अपमान आयुष्यात एकदोनदाच येतात. असे लहान शब्द मात्र रोज येतात. रोजच्या प्रसंगी आपले काय होते, हेच खरे पाहावयाचे असते.

2020 आणि 2021 अशी दोन वर्षे साथीमुळे नेहमीसारखी पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.ने पंढरीस गेल्या. 2022 साली वाट पुन्हा मोकळी झाली तेव्हा लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली ते ती विसरणार नाहीत. त्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका दिंडीत एक वयस्क माळकरी होते. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांच्यामागे घरचे कुत्रे आले होते. आणले नव्हते, आलेच होते. हाकलले तरी परत येई. नाव खंड्या. चालताना आबांच्या टाचेशी, आणि मुक्कामाला तंबूच्या खुंटीपाशी. त्याने दिवेघाट चढला, नीरेचा पूल ओलांडला, आणि फलटणच्या मुक्कामी, फटाक्यांचा कडकडाट झाला त्या गडबडीत, तो दिसेनासा झाला.

शोधाशोध सुरू झाली. रंग तांबूस, डावा कान मोडलेला, गळ्यात सुताची दोरी, अशी खूण सांगत आबा दुकानोदुकान विचारू लागले. दोन तरुण मुले सोबत होती. एका दुकानाशी आबांनी हात जोडून विचारले, “माउली, तांबडं कुत्रं दिसलं का हो, कान मोडलेलं?”

दुकानदाराने वरही पाहिले नाही. म्हणाला, “हितं माणसं चिरडायची येळ आलीया, आन् ह्यो म्हातारा कुत्रं हुडकतोय! एक कुत्रं ते! चल, हो बाजूला, गिऱ्हाईक खोळंबलंय.”

मुलांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एक जण पुढे सरसावला, “आबा, तुम्ही थांबा. ह्याला दाखवतोच आता.”

आबा म्हणाले, “राहू दे रं बाबा. अंधार पडतोय. त्यानं बघितलं न्हाई, एवढं कळलं की आपल्याला. पुढच्याला इचारू.” आणि ते पुढच्या दुकानाकडे वळले.

खंड्या त्या रात्री सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पालखी बरडला गेली. आबा फलटणातच मागे राहिले. भेदरलेले जनावर गोंगाटात लपून बसते, धन्याच्या हाकेलाही येत नाही. गर्दी ओसरली आणि सारे शांत झाले की मग हळूच बाहेर येते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपले वापरलेले उपरणे तंबूच्या जागी पसरून ठेवले, की वासाने तरी येईल. एक दिवस, एक रात्र वाट पाहिली. मग गाडीने नातेपुत्यास येऊन त्यांनी दिंडी गाठली. एकटेच.

या गोष्टीवर त्या दिंडीत पुढे दोनतीन मुक्काम चर्चा चालू होती, आणि त्या चर्चेत तीन प्रश्न निघाले. ते तिन्ही आम्हांला विचार करण्याजोगे वाटले, म्हणून क्रमाने मांडतो.

पहिला प्रश्न एका जुन्या वारकऱ्याने काढला. कुत्र्यासाठी पालखी सोहळ्याचा एक दिवस सोडावा काय? ही माया नव्हे काय? त्यांनी भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजाचा दाखला दिला. राज्य सोडून गंडकीच्या तीरी तप करणारा तो राजा एका हरणाच्या पाडसात गुंतला, मरतेवेळी त्याचेच चिंतन झाले, आणि पुढचा जन्म हरणाचा आला. दाखला खोटा नाही. पण त्याच्या शेजारी महाभारतातील दुसरा दाखला ठेवला पाहिजे. महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज स्वर्गाच्या दारी पोचला तेव्हा इंद्र म्हणाला, कुत्र्याला सोड आणि रथात बस. धर्मराजाने स्वर्ग नाकारला; मागोमाग आलेल्या जिवाला टाकले नाही. एके ठिकाणी जनावराच्या पायी एक तपस्वी खाली आला, आणि दुसऱ्या ठिकाणी जनावराच्या पायीच एक राजा कसोटीला उतरला. मग खरे कोणते धरावे?

आमच्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही खरे आहेत. भरताने पाडसाला पुरातून वाचविले, यात दोष नव्हता. ‘ते माझ्यावाचून कसे राहील’ यापेक्षा ‘मी त्याच्यावाचून कसा राहीन’ हे वाढत गेले, तेथे दोष आला. धर्मराजाचे कुत्र्याकडून काहीही मागणे नव्हते. ते आपल्या आसऱ्याला आले आहे, एवढेच तो पाहत होता. हरवलेले कुत्रे शोधणाऱ्याच्या मनात दोन्ही गोष्टी असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जो जीव आपल्या भरवशावर घर सोडून आला, त्याला परमुलखात सोडून भजन म्हणत पुढे जाणे ही काही विरक्ती नव्हे. आबांनी जमेल तेवढे केले, आणि मग दिंडी गाठली. शोधलेही, आणि शोधातच बुडून राहिले नाहीत.

दुसरा प्रश्न त्या तरुण मुलांचा. आबांनी त्या माणसाला उत्तर का दिले नाही? हा भित्रेपणा नव्हे काय? असे सोसून घेतल्यामुळेच उर्मट माणूस शेफारतो, असे त्यांचे म्हणणे. त्यावर दिंडीतील एक बाई म्हणाल्या, “अरे पोरांनो, त्याच्या घरी काही दुःख असेल. लेकराला कुत्रं चावलं असेल. म्हणून बोलला असेल.”

बाईंचे बोलणे मायेचे आहे, आणि अगदी निराधारही नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. 1885 साली पाश्चर यांनी चावा बसलेल्या मुलाला प्रथम लस टोचली, तेव्हापासून उपाय आहे; जखम लगेच साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब लस घेतली तर जीव वाचतो. तरीही पोटातल्या चौदा सुयांच्या आठवणी आमच्या पिढीच्या मनातून गेलेल्या नाहीत. भीती पुष्कळदा रागाचा आवाज घेऊन बोलते. कुत्र्याचे नाव निघताच एखादा खेकसला, तर त्यामागे अशी भीती असू शकेल.

पण वाचकहो, क्षमेची इमारत अशा अंदाजावर उभी करू नये, असे आम्हांला वाटते. कारण अंदाज खोटा निघाला तर काय? त्या माणसाच्या घरी सारे कुशल आहे, कोणाला कुत्रे चावलेले नाही, तो केवळ गिऱ्हाइकाच्या गडबडीत आणि स्वभावाने तिरसट म्हणून बोलला, असे उद्या कळले तर आमची क्षमा परत घ्यावयाची काय? दुसऱ्याला क्षमा करण्यासाठी त्याच्या माथी एखादे दुःख कल्पून लादण्याची गरज नाही. तो उद्धटपणे बोलला, हे खरे आहे. ते बोलणे वाईट होते, हेही खरे आहे. ते तसेच ठेवूनच पुढचा विचार झाला पाहिजे.

आणि शब्द लागला, हेही कबूल केले पाहिजे. अशा शब्दाचा घाव इतर वेळेपेक्षा खोल का जातो? कारण शोधणारा माणूस त्या घटकेला उघडा असतो. एरवी आपण आपली प्रतिष्ठा, वय, ओळख पांघरून लोकांत वावरतो. जीव हरवलेला माणूस ते सारे बाजूला ठेवून दारोदार हात जोडतो. ज्याच्यापाशी एरवी तो पाण्याचा घोटही मागणार नाही, त्याला तो ‘दिसलं का हो’ म्हणून विचारतो. आणि ‘एक कुत्रं ते’ या तीन शब्दांनी त्याचे दुःखच मोजून खाली टाकले जाते. जणू काही दुःखाला परवाना लागतो, आणि तो देणारा दुकानात बसला आहे! ज्याला दुःख झाले तोच त्याचे माप जाणतो. मात्र येथे शोधणाऱ्यानेही एक गोष्ट ओळखावी. खंड्या आपल्याला जसा दिसतो तसा तो साऱ्या जगाला दिसावा, ही अपेक्षा आपण न कळत मनात धरून निघालेलो असतो. अनोळखी माणसाकडून आपल्याला दोन सरळ शब्दांचे मागणे आहे; आपल्याएवढ्या काळजीचे मागणे नाही. हे मागणे कमी केले की घावही थोडा उथळ होतो.

शब्द थोरांनाही लागला आहे. ताटीच्या अभंगांची कथा आपण सर्व जाणतो. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानोबा माउली झोपडीची ताटी लावून आत बसली, आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून विनवणी केली. आम्हांला या कथेत नेहमी एक गोष्ट जाणवते. शब्द लागला, यासाठी मुक्ताबाई भावाला दोष देत नाही. ती ताटी उघडावयास सांगते. कठोर शब्दाने होणारे खरे नुकसान हेच असते, की आपले दार बंद होते. कुत्रे शोधणाऱ्याला एके ठिकाणी ‘चल, हो बाजूला’ ऐकावे लागले, की पुढच्या दारी विचारण्याची हिंमत होत नाही. आणि कोणी सांगावे, पुढच्याच दारी कोणी त्या मुक्या जिवाला पाणी पाजून बांधून ठेवले असेल! भांडत बसावे तर तासभर जाईल. मन मारून परत फिरावे तर रात्र जाईल. दोन्ही प्रकारांनी जनावर पुन्हा एकदा हरवते, आणि या खेपेस आपल्या हातून. आबांचे मौन भित्रेपणाचे नव्हते. त्या माणसाशी त्यांचे काम संपले होते आणि खंड्याचे काम राहिले होते. उद्धटपणाला उत्तर देणे त्यांना झेपले नसते असे नाही. त्याला तेवढा वेळ द्यावा अशी त्याची किंमत त्यांना वाटली नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि तो आम्हांला सर्वांत कठीण वाटतो. सोसणे कोठपर्यंत? समजा, त्या दुकानदाराने नुसते तोंड टाकले नसते, तर खंड्यालाच दगड मारून पाय मोडला असता. तेव्हाही ‘पुढच्याला इचारू’ म्हणून निघून जावयाचे काय?

याचे उत्तर नाथांच्या चरित्रात आहे, आणि ते दोन कथा शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. पैठणला गोदावरीहून स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक जण पुनःपुन्हा थुंकला. नाथ दर वेळी शांतपणे परत स्नानाला गेले. एकशेआठ वेळा, असे कथेकरी सांगतात. हेच नाथ काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराकडे निघाले असता वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले, तेव्हा सोबतचे काय म्हणतील, यात्रेचे पुण्य राहील की जाईल, हे पाहत थांबले नाहीत. कावडीतले पाणी त्याच्या तोंडात घातले. स्वतःच्या अंगावरच्या थुंकीविषयी त्यांना घाई नव्हती. परक्या गाढवाच्या तहानेविषयी मात्र क्षणाचा धीर नव्हता.

येथे आमच्या मते रेघ स्पष्ट होते. जे आपल्याला लागले, ते सोडून देण्याचा अधिकार आपला आहे. जे दुसऱ्याला लागले, ते आपण परस्पर सोडून देणे हे औदार्य नव्हे. ते दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान आहे. मुके जनावर तर ‘मी क्षमा केली’ असे म्हणूही शकत नाही. म्हणून त्याच्यावर हात उगारला तर आडवे उभे राहावे, नीट शब्दांत पण ठामपणे थांबवावे, आणि गरज पडली तर कायद्याचा आधार घ्यावा. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात 1960 सालापासून आहे, आणि 1976 साली राज्यघटनेत नागरिकांची जी कर्तव्ये घालण्यात आली त्यांत सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याचे कर्तव्य आहे. आपल्या लोकांना हे काही नवीन नाही. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लेकरांना मांडीवर घेऊन सांगतो.

पण या कथेचीच आपल्याला एक सवय लागली आहे, तिच्याविषयी थोडे बोलू. गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात समदृष्टी सांगताना विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्या ओळीने कुत्र्याचे नाव स्पष्ट आले आहे. ते ऐकून आपण प्रेमाने माना डोलावतो. खरे पाहता कुत्र्यात देव पाहणे तितके अवघड नाही. ते शेपूट हलविते, हात चाटते, आपल्यामागे पंढरीपर्यंत येते. जो ‘चल, हो बाजूला’ म्हणाला त्याच्यात देव पाहणे अवघड आहे. आणि कुत्र्यावर माया करणारा माणूस पुष्कळदा येथेच घसरतो. ‘माणसापेक्षा जनावर बरे’ असे सहज म्हणून जातो. रागाच्या भरात ते ठीक. पण हे वाक्य मनात घर करून बसले की समदृष्टी संपली. जिवांची वर्गवारी आपण पुन्हा केलीच. फक्त या खेपेस कुत्रा वर आणि माणूस खाली, एवढाच फरक.

त्या माणसात देव पाहावयाचा म्हणजे त्याच्या पाया पडावे किंवा त्याचे बोलणे गोड मानून घ्यावे, असा अर्थ नाही. तो एका वाक्याएवढाच आहे असे समजू नये, इतकाच अर्थ. आपण त्याला अर्धा पळ पाहिला. तेवढ्यावरून साऱ्या माणसाचा निकाल देणे, आणि त्याने खंड्याला न पाहता ‘एक कुत्रं ते’ म्हणणे, यांत फरक तो कितीसा?

आता शेवटची गोष्ट, आणि ती विचारणाऱ्याची नव्हे, ज्याला विचारले जाते त्याची. आज आपण शोधणारे असू, उद्या आपल्या दारी कोणी शोधत येईल. कुत्रे, शेळी, बैल, म्हातारी आई, चुकलेले लेकरू, काहीही असेल. तेव्हा आपल्याकडून फार मोठे मागणे नसते. हातातले काम क्षणभर थांबवावे, त्याच्याकडे पाहावे, आणि खरे असेल ते सांगावे. पाहिले नसेल तर ‘नाही हो, दिसलं नाही, दिसलं तर धरून ठेवतो, तुमचा नंबर द्या’ म्हणावे. आणि एक जपावे. त्याला बरे वाटावे म्हणून ‘तिकडं गेलं असंल’ असे ठाऊक नसताना सांगू नये. उद्धट माणूस फक्त मन दुखवितो. गोड खोटे सांगणारा शोधणाऱ्याला भलत्या वाटेला लावतो. त्यातल्या त्यात कडू खरे परवडले. पण खरे गोड करून सांगावयास पैसे पडत नाहीत.

2024 सालची एक हकीकत वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचली असेल. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावचे एक कुत्रे, ‘महाराज’ त्याचे नाव, धन्याबरोबर पायी पंढरीस गेले आणि दर्शनानंतर तेथील गर्दीत चुकले. धन्याने शोधले; ते दुसऱ्या मंडळींबरोबर गेले असे कोणी सांगितले; शेवटी तो निराश होऊन घरी परतला. काही दिवसांनी ते कुत्रे सुमारे 250 किलोमीटरची वाट एकट्याने चालून दारात येऊन उभे राहिले. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ केली. त्या वाटेवर त्याला कोणी हाकलले असेल, कोणी भाकरीचा तुकडा टाकला असेल. ते सांगावयास त्याला वाणी नाही. पण कोणी ना कोणी तुकडा टाकलाच असणार, एरवी ते पोचते ना.

खंड्यासारखी कितीतरी परत येत नाहीत. सापडणे न सापडणे आपल्या हाती नाही. कुत्रे परत येवो अथवा न येवो, मधल्या वेळात तोंडातून गेलेला शब्द मात्र परत येत नाही, शोधणाऱ्याचाही नाही आणि ज्याला विचारले त्याचाही नाही. येत्या वारीत पाय पायावर पडला की आपण सर्व वाकूच. परंतु वारी संपवून घरी आल्यावर, दुपारच्या कामाच्या घाईत, कोणी अनोळखी माणूस दाराशी येऊन ‘दिसलं का हो’ म्हणून विचारील, तेव्हा हातातले काम खाली ठेवून त्याला ‘या माउली, काय झालं?’ म्हणता आले, तर वारी घरापर्यंत पोचली असे समजावे.

राम कृष्ण हरि.